एकच्या वर की एकच्या खाली?

मुंबई ते पुणे, दीडशे किलोमीटर. या सगळ्या रस्त्यावर करोनाचे विषाणू एकाला एक चिकटून, एकाच ओळीत मांडायला घेऊ. एक विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा. म्हणजे एका मिलिमीटरात दहा हजार. एका सेंटीमीटरात एक लाख. एका मीटरात एक कोटी. किलोमीटरभरात हजार कोटी. आणि पुणं गाठेपर्यंत दीड लाख कोटी!

एवढे विषाणू आणायचे कुठून? अख्खा महाराष्ट्र आजारी पडावा लागेल? छे! शास्त्रज्ञांनी २०२१ साली अंदाज काढला तो असा : आजार ऐन भरात असताना एकाच माणसाच्या अंगात शंभर कोटींपासून दहा हजार कोटींपर्यंत विषाणू असतात. वरचा आकडा धरा. एका माणसाची ओळ दहा किलोमीटर लांब! पंधरा रुग्ण, आणि ओळ पुण्यात दाखल. एसटीच्या अर्ध्या सीटसुद्धा भरत नाहीत एवढी माणसं.

आता वजन बघा. ते दहा हजार कोटी विषाणू तराजूत टाकले तर भरतात मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा. साखरेच्या एका दाण्याहून कमी. आणि एका वेळी जगभरातल्या झाडून सगळ्या रुग्णांच्या अंगातले विषाणू गोळा केले, तरी जास्तीत जास्त दहा किलो. दहा किलोंनी विमानं जमिनीवर आणली, शाळा बंद केल्या, बाजार ओस पाडले!

ही झाली जंतूंची गणती. पण साथ आली की बातम्यांत जे शब्द आपल्या कानांवर आदळतात, उद्रेक, साथ, महासाथ, अधिशयन काळ, विलगीकरण, अलगीकरण, सामूहिक प्रतिकारशक्ती, तेही सगळे आकडेच आहेत. प्रत्येक शब्दाच्या पोटात एक गणित आहे. आणि या सगळ्या गणितांचा राजा एकच आकडा : एक आजारी माणूस सरासरी किती जणांना आजार देतो? शास्त्रज्ञ त्याला ‘आर’ म्हणतात. तो एकच्या वर असेल तर साथ चढते, एकच्या खाली असेल तर विझते. बस्स, एवढंच. पण ‘एवढंच’ म्हणजे केवढं, ते आता पाहू.

चला मंगरूळपीरला. दादा हयात कलंदरांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांचं देवस्थान असलेलं वाशीम जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. वस्ती तीस हजारांच्या घरात. समजा, इथे एक रुग्ण आला आणि ‘आर’ आहे दोन. प्रत्येक जण पाच दिवसांत दोघांना आजार देतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. पन्नास दिवस झाले, दहा पायऱ्या झाल्या, आकडा १,०२४. अजून गावाला फारसं काही वाटत नाही. पंधरावी पायरी : ३२,७६८. गाव संपलं! विसावी पायरी : १०,४८,५७६. आधीचे मिळवले की २०११ च्या जनगणनेतला वाशीम जिल्हा, ११ लाख ९७ हजार माणसं, केव्हाच मागे पडला. तिसावी पायरी : १०७ कोटी! एका माणसापासून शंभर कोटींपर्यंत फक्त तीस पायऱ्या, फक्त दीडशे दिवस. प्रत्यक्षात लोक बरे होतात, सावध होतात, विषाणूला नवी माणसं मिळेनाशी होतात, म्हणून शिडी मध्येच मोडते. पण तिची चढण ही अशी.

आणि दोन हा तर मवाळ आकडा. गोवराचा ‘आर’ बारा ते अठरा! मधला पंधरा धरू. पहिल्या पायरीला १५, दुसरीला २२५, तिसरीला ३,३७५, चौथीला ५०,६२५. कुणाला लस नसेल तर मंगरूळपीर चार पायऱ्यांत खल्लास. दोनच्या हिशेबाने ज्याला पंधरा पायऱ्या लागल्या, ते चारांत. पाचवीला ७,५९,३७५, सहावीला १ कोटी १४ लाख. वाशीम जिल्हा नऊ वेळा गिळून वर ढेकर! गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत तरंगत राहतो. माणूस मंगरूळपीरच्या स्टँडवरून एसटीत बसून वाशीमला पोचलासुद्धा, आणि त्याने सोडलेल्या बंद खोलीत त्याचा गोवर अजून पाहुण्याची वाट बघतोय.

आता शब्द एकेक करून मोजू.

उद्रेक. एका ठिकाणी, थोड्या काळात, नेहमीपेक्षा एकदम जास्त रुग्ण. फेब्रुवारी २०२१ मध्ये हा शब्द वाशीम जिल्ह्याने जवळून पाहिला. रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत २२९ विद्यार्थी बाधित निघाले. २२९ हा आकडा डोंगराएवढा वाटतो ना? दुपटीच्या शिडीवर तो आठव्या पायरीलाही पोचत नाही, कारण आठवी पायरी आहे २५६. एकत्र झोपणारी, एकत्र जेवणारी मुलं, आणि जेमतेम आठ उड्या!

साथ म्हणजे असे उद्रेक गावोगाव, जिल्ह्याजिल्ह्यांत पसरणं. आणि महासाथ म्हणजे देशांच्या सीमा ओलांडून जगभर. १९१८ चा इन्फ्लुएन्झा आठवा. त्याचा ‘आर’ जेमतेम दोनच्या आसपास होता. गोवरापुढे अगदीच किरकोळ. ६ ऑक्टोबर १९१८, मुंबई, एका दिवसात ७६८ मृत्यू. तासाला ३२. दोन मिनिटं पूर्ण होत नाहीत तोच पुढचा माणूस गेलेला. आणि सगळा हिंदुस्थान मिळून? अभ्यासकांचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत जातात. कमीत कमी आकडा घेऊ. मंगरूळपीरला रेल्वे नाही. गाडी धरायला वाशीमला नाहीतर अकोल्याला जावं लागतं. तर अकोल्याच्या फलाटावर उभं राहून कल्पना करा : दीड हजार माणसांनी भरलेली एक गाडी गेली. पंधरा मिनिटांनी दुसरी. पंधरा मिनिटांनी तिसरी. रात्रंदिवस, तासाला चार, दिवसाला ९६. या वेगाने १ कोटी २० लाख माणसं जायला ८३ दिवस लागतात. पावणेतीन महिने! आणि १९१८ चा तो सर्वांत भीषण हंगाम पावसाळ्याच्या अखेरीपासून वर्ष संपेपर्यंत, असाच सुमारे तीन महिन्यांचा होता. ज्या प्रांतांनी सर्वाधिक माणसं गमावली, त्यांत मध्य प्रांत आणि आपलं वऱ्हाड होतं.

आता अधिशयन काळ. जंतू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतची मुदत. कॉलऱ्यात काही तासांपासून पाच दिवस. करोनात जास्तीत जास्त चौदा दिवसांच्या आसपास. चौदा दिवस म्हणजे किती? मंगरूळपीर तालुक्यातल्या शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, आठ तास. चौदा दिवसांचे तास ३३६. त्यांत हा महामार्ग या टोकापासून त्या टोकापर्यंत ४२ वेळा कापता येतो. २९,४४२ किलोमीटर! पृथ्वीला घातलेल्या फेरीचा जवळजवळ पाऊण भाग, आणि माणसाला साधी शिंकही आलेली नसते. म्हणूनच दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. आजारी माणसाला इतरांपासून दूर ठेवायचं ते विलगीकरण. आजारी माणसाच्या संपर्कात आलेल्या, पण अजून ठणठणीत दिसणाऱ्या माणसाला मुदतभर दूर ठेवायचं ते अलगीकरण. पहिलं दिसणारी आग विझवतं, दुसरं ४२ फेऱ्या थांबवतं.

आता निर्जंतुकीकरण. त्यासाठी एका विहिरीवर येऊ. जुलै २०२२ मध्ये शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्यातून कॉलरा पसरला आणि माणसं दगावली. एक विहीर एवढं कसं करू शकते? मोजा. विहिरीचा व्यास पाच मीटर, पाणी चार मीटर. म्हणजे ७८,५०० लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे. कॉलऱ्याचा गंभीर रुग्ण दिवसात दहा लिटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त पाणी जुलाबांवाटे गमावतो. त्या पाण्याच्या एका मिलिलिटरात दहा कोटींपर्यंत जंतू. दहा लिटरांत? एक लाख कोटी! त्यातला शंभरावा हिस्सा पावसाच्या पाण्याबरोबर वाहत त्या विहिरीत उतरला, तरी पाव लिटरच्या प्रत्येक ग्लासात तीस हजारांहून जास्त जंतू. पाणी मात्र नितळ. चवीत फरक नाही, रंगात फरक नाही.

आणि उतारा किती? तोंडात बोटं घालाल! हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चांगली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. अख्ख्या विहिरीला १९६ ग्रॅम. पाव किलोसुद्धा नाही! ती विहिरीत नुसती भिरकावून चालत नाही. एका बादलीत शंभर ग्रॅमपेक्षा जास्त घ्यायची नाही. आधी थोडं पाणी घालून लगदा करायचा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी ओतत ढवळायचं. पाच-दहा मिनिटं थांबलं की चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढायचं, ती बादली दोराने विहिरीत सोडायची आणि पाण्याखाली वरखाली हलवत राहायची. मग निदान एक तास कुणीही पाणी शेंदायचं नाही. तासाभराने जलसुरक्षक नळीत पाणी घेऊन ओटी टेस्ट करतो. पिवळा रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे, विहीर सुरक्षित. किती शिल्लक हवं? लिटरला अर्धा मिलिग्रॅम. दहा लाख भागांत अर्धा भाग. दहा लाख रुपयांच्या ढिगात आठ आणे! ढिगाऱ्यातल्या आठ आण्यांनी विहिरीतल्या हजार कोटींचा नायनाट. निर्जंतुकीकरण हा केवढा कोरडा शब्द, आणि केवढी त्याची ताकद!

विहिरीवरून रांजणाकडे वळू. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. निम्म्या माद्या धरा, पन्नास. पुढच्या पिढीला २,५००. तिसऱ्या पिढीला सव्वा लाख. चौथ्या पिढीला साडेबासष्ट लाख! सगळी अंडी जगली, तर एका मादीपासून चार पिढ्यांत वाशीम जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसामागे पाच माद्या. पण अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, आणि तिथेच आपली संधी आहे. आठवड्यातून एकदा रांजण, हौद, कूलर, कुंडीखालच्या ताटल्या रिकाम्या करून घासून पुसून सुकवल्या, की साडेबासष्ट लाखांची शिडी पहिल्याच पायरीवर कोसळते. घासायचं मात्र विसरायचं नाही, कारण अंडी भांड्याच्या काठाला चिकटलेली असतात आणि नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. आशाताई दारात येऊन ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणतात, तेव्हा त्या हेच गणित सांगत असतात.

आता लस. १० जानेवारी १८९७. मुंबईत प्लेगने थैमान घातलेलं, आणि शास्त्रज्ञ वॉल्डेमर हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेल्या प्लेगच्या लशीची पहिली मात्रा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मात्रा : एक. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. तिथून पुढे या. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात करोनाची लस सुरू झाली, त्यातली बहुतेक पुण्यात बनलेली. १७ सप्टेंबर २०२१ या एका दिवसात अडीच कोटी मात्रा! दिवसाचे चोवीस तास धरले तरी सेकंदाला जवळजवळ २९०. तुम्ही एकदा श्वास घेईपर्यंत हजार दंड टोचून झाले. १७ जुलै २०२२ रोजी एकूण आकडा २०० कोटी. सेकंदाला एक या वेगाने टोचत बसलो असतो तर ६३ वर्षं लागली असती. लागलं दीड वर्ष.

आणि एवढ्या लशीचा द्रव किती? ती विहीर आठवा, ७८,५०० लिटरची. एक मात्रा अर्ध्या मिलिलिटरची. २०० कोटी मात्रा म्हणजे दहा लाख लिटर. तेरा विहिरीसुद्धा काठोकाठ भरत नाहीत! सगळ्या देशाचं संरक्षण एका गावाच्या विहिरींत मावलं. पोलिओचं तर आणखी अद्भुत. पल्स पोलिओच्या एका देशव्यापी फेरीत सुमारे १७ कोटी मुलं. एका मुलाला दोन थेंब, मिलिलिटरचा दहावा भाग. सगळे थेंब मिळून १७ हजार लिटर. उन्हाळ्यात आपल्या गावांना पाणी आणणारे दोन टँकर. आपल्या विहिरीचा पाव भागही नाही! हे थेंब मुलांच्या तोंडापर्यंत पोचवायला मात्र २० लाखांहून जास्त हात राबत होते. त्या हातांमुळे १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण सापडलेला नाही, आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला.

या सगळ्या खटपटींनी नेमकं होतं काय? ‘आर’ खाली येतो. किती खाली यावा लागतो? इथेच डोकं गरगरतं. दोन तालुके घ्या, दोन्हींकडे एक-एक हजार रुग्ण. एकीकडे ‘आर’ १.१, दुसरीकडे ०.९. फरक फक्त दोन दशांशांचा. दहा रुग्ण एकीकडे अकरांना आजार देतात, दुसरीकडे नऊ जणांना. तीस पायऱ्यांनंतर? पहिल्या तालुक्यात नवे रुग्ण १७,४४९. दुसऱ्यात ४२! चारशे पटींची दरी, आणि ती पडली दहांमागे दोन माणसांनी.

आकडा वर राहिला की काय किंमत पडते, तेही आपण पाहिलं आहे. १९ एप्रिल २०२१ रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला निघाली. जळगाव, अकोला, नागपूर करत ती थेट समुद्रकिनारा गाठून शंभर टनांहून जास्त द्रवरूप प्राणवायू घेऊन परतली. मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्या रुग्णाला दिवसाला एकोणीस किलोंच्या आसपास प्राणवायू लागतो. म्हणजे ती अख्खी गाडी सुमारे पाच हजार रुग्णांना, एक दिवस पुरते! राज्यात तेव्हा करोनाचे साडेसहा लाखांच्या वर रुग्ण उपचार घेत होते.

आता शेवटचा शब्द, सामूहिक प्रतिकारशक्ती. साठ मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. गोवराचा रुग्ण पंधरा जणांना आजार देऊ शकतो. वर्गातल्या ५० मुलांना लस मिळालेली आहे. छान वाटतं ना? उरलेल्या दहांमुळे ‘आर’ अडीच राहतो, आणि अडीचची शिडी दहाव्या पायरीला साडेनऊ हजारांवर जाते. ५६ मुलांना लस मिळाली की आकडा बरोबर एकवर येऊन टेकतो. आणि ५७ मुलांना मिळाली की पाऊण! साथ विझली. लस न घेता येणाऱ्या बाकीच्या तीन मुलांपर्यंत गोवर पोचणंच अवघड होतं. पन्नास आणि सत्तावन्न, सात मुलं. गाव वाचणं आणि गाव आजारी पडणं यांच्यामध्ये एका वर्गातली सात मुलं उभी आहेत.

आणि हा आकडा पाऊणच्याही खाली, अगदी तळाला नेता येतो का? येतो. देवीच्या रोगाने विसाव्या शतकात जगात सुमारे तीस कोटी माणसं मारली. अकोल्याच्या फलाटावरच्या त्याच गाड्या, दर पंधरा मिनिटांना एक, या वेळी ८३ दिवस नव्हे, पावणेसहा वर्षं न थांबता. त्या देवीला भारताने कसं घेरलं? कर्मचारी दारोदार फिरले, देशभरातल्या दहा कोटींच्या आसपास घरांचे उंबरे झिजवले. एका घराला एकच मिनिट दिलं तरी एकट्या माणसाला १९० वर्षं लागतील एवढं काम! देवीच्या रुग्णाची खरी खबर आणणाऱ्याला बक्षीस शेवटी हजार रुपयांवर नेलं, सत्तरच्या दशकातले हजार रुपये. रुग्ण सापडला की त्याचं विलगीकरण, आणि त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना लस. मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जाहीर केलं : जगात देवीचे रुग्ण शून्य. तीस कोटींवरून शून्य!

ते शून्य आणलं माणसांनीच, घर मोजत, दंड मोजत, पायी चालत. तीच माणसं आजही गावोगाव आहेत : टीसीएलची बादली विहिरीत सोडणारा जलसुरक्षक, रांजणात डोकावणाऱ्या आशाताई, लशीचा डबा खांद्याला लावून निघालेल्या नर्सबाई. त्यांना दार उघडा, बाळाची राहिलेली लस या आठवड्यात देऊन टाका, रांजण घासा. एकच्या किंचित वरचा आकडा एकच्या खाली ढकलायला दहांमागे दोन माणसं पुरतात, आणि त्या दोघांत आपण असायलाच हवं.